लेखनिकाची नोंद

शाळेच्या व्यायामशाळेत सभा.
बास्केटबॉलची जाळी दोरीने वर बांधलेली,
खुर्च्या दीडशे, माणसं दोनशे अकरा.
मी मोजली. मोजणं हे माझं काम.
ध्रुववृत्ताच्या वरच्या या गावात
नगरपालिकेची लेखनिक म्हणजे
जिला सगळं ऐकू येतं आणि जिला कुणी विचारत नाही.

धावपट्टी आठशे मीटरची. बाराशे करायची.
पूर्वेला समुद्र, पश्चिमेला दलदल.
समुद्र भरणं महाग, म्हणून नकाशात
दलदलीवर एक पिवळा आयत काढलेला.
सल्लागार ओस्लोहून आलाय,
त्याच्या बुटांची आणि चिखलाची अजून ओळख नाही.

माणशी तीन मिनिटं. घंटी माझ्यापाशी.
वहीत दोन रकाने: बाजूने, विरुद्ध.

रागनहिल्ड उभी राहिली.
जानेवारीत रुग्णविमान दोनदा घिरट्या घालून परत गेलं, म्हणाली,
तिसऱ्या खेपेला उतरलं
तेव्हा घाई उरली नव्हती.
एवढंच. तिची अडीच मिनिटं शिल्लक राहिली,
आणि ती खाली बसायचं विसरून
ती तशीच वापरत राहिली.

मागून कुणीतरी विचारलं, वारा आडवा होता ना त्या रात्री?
सल्लागार खरं बोलणारा निघाला.
आडव्या वाऱ्यावर, म्हणाला, लांबी हा उपाय नाही.
मग त्याने पाण्याचा पेला उचलला
आणि न पिताच खाली ठेवला.

मासळी कारखान्याचा टोरगेर आकडे घेऊन आला होता.
आज जाळ्यात, परवा टोकियोत.
आकडे मी सगळे उतरवले. दोनदा तपासले. बरोबर होते.

मग योरुन.
दलदलीत तिची मुल्त्यांची जागा आहे,
पिवळ्या बेरींची, चाळीस वर्षं गुप्त.
नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला तेव्हाही नाही.
दाखवा ना नकाशावर, सल्लागार म्हणाला,
आपण तेवढी वगळून बघू.
ती नकाशापाशी गेली, बोट काढलं.
अख्खी सभा खुर्च्यांसकट पुढे झुकली,
तिची सख्खी बहीण सगळ्यात जास्त.
योरुनने एकदा मागे पाहिलं,
आणि बोट मिटून
सबंध पंजा ठेवला, साऱ्या दलदलीवर.
इथे, म्हणाली. इथेच कुठेतरी.

सतरा वर्षांचा इव्हर म्हणाला,
लांब केलीत तर मी जाईन,
नाही केलीत तरी जाईन.
त्याची आई हसली. तेही मी लिहिलं, मग खोडलं.

सात चाळीसला संध्याकाळचं विमान आलं.
बोलणारा वाक्याच्या मधोमध थांबला,
जसे आम्ही सगळे थांबतो,
स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, भांडणात,
आणि आवाज गेल्यावर
त्याच शब्दापासून पुढे सुरू झाला.
सल्लागार तेवढा इकडेतिकडे बघत होता.

शेवटी एइलिफ. एकतीस हिवाळे
धावपट्टीवरचा बर्फ त्यानेच ओढलाय.
आठशे नाही, म्हणाला, सातशे अठ्ठ्याण्णव आहे.
पश्चिमेच्या टोकाला मी यंत्र वळवतो
तेव्हा दिव्याच्या उजेडात कधी एक कोल्हा बसलेला असतो.
मी वळेपर्यंत तो हलत नाही.
बाराशे केलीत तर मला दीड तास आधी उठावं लागेल.
उठेन.
पण वळायचं कुठे, ते मला आधी सांगा.

घंटी वाजवली. तो बसला.
बाजूने की विरुद्ध, अध्यक्षांनी विचारलं.
मी म्हणालो ना, तो म्हणाला.

लोक गेले. खुर्च्यांच्या चळती लावल्या,
जाळीची दोरी सोडली, उद्या पोरांचा तास आहे.
मग फूटपट्टी घेऊन वहीत आणखी एक रेघ मारली,
वर मथळा नाही.
त्यात एइलिफ बसवला, मग इव्हर,
आणि बऱ्याच वेळाने, पेन्सिलीने, रागनहिल्ड.

सकाळी अध्यक्षांनी वही उघडली. हे काय?
समास आहे, म्हटलं.
जरा रुंद झालाय.